मीठ बघ गं

भरताच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. आधीही ऐकत नव्हते, आताही ऐकत नाही. मध्ये एक वर्ष तेवढं ऐकावं लागलं, आणि ते का ऐकावं लागलं तेच सांगायला बसले आहे.

जळगावात आमचं भरताचं दुकान आहे. दुकान म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याचं शेड, पुढे बाकडी, मागे चूल. थंडी पडली की चालू, उन्हाळा लागला की बंद. लोक किलोवर भरीत नेतात, बरोबर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या नेतात. कुणाच्या मळ्यात पार्टी असली की डबेच्या डबे भरून जातात. गल्लाही मीच सांभाळते आणि मुसळही मीच. आमचे हे जाळ घालतात, पिशव्या बांधतात आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलतात. गोड बोलणं माझ्याच्यानं होत नाही. बाजारात वांगी घ्यायला गेले की भाजीवाला हात जोडतो, "अक्का, बठ्ठा ढीग उपसू नका." मी म्हणते, मग चांगली वर मांडत जा. वांगं हातात घेतलं की वजनावरून मला कळतं आत बी किती आहे ते. हलकं वांगं घ्यायचं. जड वांगं बियांनी भरलेलं, ते भाजीवाल्यानं स्वतःच्या घरी न्यावं.

आता रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीपाशीच अडलेलं आहे. वांग्याला तेलाचा हात लावायचा, सुरीने टोचे मारायचे आणि पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजायचं. साल काळी झाली आणि वांगं लुळं पडलं की बाहेर काढायचं आणि गरम असतानाच सोलायचं. गार झालेल्या वांग्याची साल नीट निघत नाही. पण ते इतकं गरम असतं की बोटं होरपळतात. म्हणून शेजारी पाण्याची बादली ठेवायची. बोटं बुडवायची, साल ओढायची, पुन्हा बोटं बुडवायची. माझी आई असंच सोलायची, तिची आईही असंच. मग लाकडाच्या बडगीत, म्हणजे आमच्या उखळीत, भाजलेल्या मिरच्या, लसूण आणि वांगं घोटायचं. कांद्याची पात, दाणे, खोबरं हाताने कालवायचं आणि वरून तेलाची चुरचुरीत फोडणी ओतायची. झालं. कालवलेलं भरीत परत चुलीवर चढवायचं नाही. चढवलंत की त्याची भाजी झाली. ते चढवणारे लोक आहेत गावात, खुशाल असोत.

राहिलं मीठ. भरीत कालवणाऱ्या हाताने चव बघायची नाही, हा माझ्या आईचा नियम. बोट तोंडात घातलं की हात उष्टा झाला, आणि उष्ट्या हाताचं लोकांना विकायचं? छे! म्हणून मीठ बघायचं काम सुनेकडे. ती चुलीपाशी पुऱ्या लाटत बसायची, दोन्ही हात पिठाने भरलेले. मी चिमूटभर भरीत घेऊन जायचे आणि म्हणायचे, "मीठ बघ गं." ती पाखराच्या पिलासारखा आ करायची. मी घास तिच्या तोंडात सोडायचे. ती डोळे मिटून चघळायची आणि म्हणायची, "बरोबर आहे, आई." प्रत्येक घाण्याला हेच. एकदाही ती "कमी आहे" म्हणाली नाही, "जास्त आहे" म्हणाली नाही. मला वाटायचं, बघा, काय हात आहे माझा!

सून रावेरकडची, केळीवाल्यांची लेक. मुलगा दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला, त्याच्या पाळ्या असतात, म्हणून ती आमच्याजवळच राहायची. बोलणं कमी, काम चोख. मी तिच्याशी प्रेमाने वागत होते का? माझ्या पद्धतीने वागत होते. म्हणजे रागावत होते. जवळ घेणं, डोक्यावरून हात फिरवणं हे मला जमलेलं नाही, पोटच्या पोराशीही जमलं नाही. तिच्या तोंडात तो घास सोडायचे, तेवढंच काय ते. तो मात्र मनापासून असायचा. वांग्याच्या देठाजवळचा, सगळ्यात मऊ भाग त्यात असायचा.

लग्न होऊन आल्यावर पहिल्याच हंगामात तिला टायफॉइड झाला. ताप उतरेना, जीभ पांढरी, पोटात कळा. बरी झाली. मी म्हटलं, बाहेर काहीतरी खाल्लं असेल. ती म्हणाली, "आई, मी बाहेर कधी खाते?" खरं होतं ते. मग आम्ही नळाच्या पाण्याला दोष दिला आणि फिल्टर आणला. पुढच्या थंडीत दुकान जोरात सुरू झालं आणि पोरीनं पुन्हा अंथरूण धरलं. या वेळी आधीपेक्षा वाईट. दवाखान्यात सलाइन लावलेलं, हात काडीसारखे झालेले. डोक्यावरचे केस उशीवर दिसायला लागले. मी तिच्या उशाशी बसून चिडत होते. तिच्यावर नाही, कुणावर ते कळत नव्हतं.

रावेरहून तिचे आई-वडील आले. विहीणबाई माझ्याकडे बघून सरळ म्हणाल्या, "मुलीला आम्ही घेऊन जातो. तिसऱ्यांदा असं झालं तर आमची पोर राहायची नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, म्हणजे आमच्या घरात काय विष आहे? विहीणबाईंनी तिचे कपडे पिशवीत भरले, तिला धरून गाडीत बसवलं. सुनेनं खिडकीतून माझ्याकडे बघितलं. मी हात हलवला नाही. मला एवढंच दिसत होतं की ती परत यायची नाही, आणि गल्लीतल्या बायकांच्या कुजबुजीत माझ्या घराचं नाव निघणार.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, माझ्या सुनेपेक्षा थोडीशीच मोठी. तिनं मला आणि यांना थांबवून घेतलं. म्हणाली, "मावशी, एकाच मुलीला दोनदा, आणि दोन्ही वेळा थंडीतच. पाणी, भाज्या सगळं बघा, पण घरात आणि दुकानात अन्नाला ज्यांचा हात लागतो त्यांचीही तपासणी करायला हवी." हे लगेच तडकले, "आम्ही भरीत विकतो, रोग विकत नाही." मला मात्र ती कल्पना फार आवडली. सगळ्यांची तोंडं बंद करायला याहून चांगला उपाय कुठला? मी म्हटलं, "माझं आधी तपासा. माले काय व्हयेल शे? धडधाकट शे मी." राग आला की माझ्या तोंडून धुळ्याकडची बोली बाहेर पडते, माहेर तिकडचं. डॉक्टरीण हसली आणि तिनं माझ्या हातात प्लॅस्टिकची छोटीशी डबी ठेवली.

डबीत काय न्यायचं ते सांगायची गरज नाही. सकाळी ती कागदात गुंडाळून, पिशवीत घालून मी रिक्षात बसले. रिक्षावाला ओळखीचा. आरशातून बघत म्हणाला, "काय अक्का, सकाळी सकाळी कुणाला भरीत पोचवायला निघालात?" मी म्हटलं, "गप गाडी चालव." पण हसू आवरेना. इतकी निर्धास्त होते मी! एका डबीवर त्यांचं भागलं नाही, पुन्हा पुन्हा मागितली. मी पुन्हा पुन्हा नेली. तोंड बंद करायचंय ना, मग होऊ दे एकदाचं पक्कं.

निकाल घ्यायला यांना घेऊन गेले. यांचं काहीच निघालं नव्हतं. डॉक्टरीण माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तुमच्या शौचात टायफॉइडचे जंतू सापडलेत. एकदा नाही, दरवेळी."

मी उठूनच उभी राहिले. मला ताप आहे? नाही. पोट दुखतं? कधीमधी उजवीकडे, ते तर सगळ्या बायकांचं दुखतं. एक दिवस अंथरूण धरलेलं नाही मी. आजारी ती आहे आणि जंतू माझ्यात कसे? डॉक्टरीण शांतपणे म्हणाली, "तुम्हाला लहानपणी कधी टायफॉइड झाला होता?" मी नाहीच म्हणणार होते. मग आठवलं. माहेरी, मी पोर असताना, मुदतीचा ताप आला होता. डोकं भादरलं होतं माझं. आई ओट्यावर बसून शेजारणींना सांगायची, "पोरगी वाचनी, माय." तेव्हापासून कधीच आजारी पडले नाही, हा माझा केवढा अभिमान! डॉक्टरीण म्हणाली, काही जणांचा ताप जातो पण जंतू जात नाहीत. पित्ताच्या पिशवीत खडे असले तर तिथेच घर करतात. त्या माणसाला काही त्रास देत नाहीत, वर्षानुवर्षं गुपचूप राहतात, शौचावाटे बाहेर पडतात आणि हात नीट धुतले नाहीत तर हाताला लागतात. सोनोग्राफी केली. खडे होते.

"हात मी धुते," मी म्हटलं. "पाण्याने?" "मग कशाने? दुकानाच्या मागे संडास आहे, तिथे नळ आहे, खळखळून धुते." "साबण?" साबण घरी असतो. दुकानात घाई असते, गिऱ्हाईक उभं असतं.

मग तिनं विचारलं, भरीत कसं करता ते सगळं सांगा. मी सांगायला लागले. आधी थोडं घुश्श्यात, मग रंगले. वांगी कशी निवडते, जाळ कसा हवा. बादलीपाशी आले तेव्हा तिनं हात वर केला. "बादलीतलं पाणी कधी बदलता?" मी म्हटलं, "बदलायचं कशाला? त्यात मळ कुठे असतो? वांगं आगीतून आलेलं, त्याला काय..." आणि तिथेच माझी जीभ थांबली. वांगं आगीतून आलेलं असतं. माझी बोटं आगीतून आलेली नसतात. वांगं आगीतून निघाल्यावर मी त्याला हात लावते, आणि नंतर ते पुन्हा आगीवर चढवत नाही. त्याचाच तर तोरा मिरवते. गिऱ्हाइकाचं भरीत निदान फोडणीखाली तरी जातं. मिठाचा घास मात्र मी फोडणीच्या आधी काढायचे, बोटांनी, आणि थेट पोरीच्या तोंडात.

बाहेर येऊन बाकावर बसले. हे म्हणाले, "गावभर बोलायचं नाही हं. औषध घेऊ, दुकान चालू ठेवू." मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. म्हटलं, दुकान आजपासून बंद. आणि मी रावेरला चालले.

एकटीच बसने गेले. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, ट्रॅक्टर घडांनी लादलेले, आणि मी मांडीवर हात ठेवून बसलेली. सारखी हातांकडेच बघत होते. काय दिसणार होतं? तेच हात, भाजल्याचे डाग, नखांत काळं. हे हात वाईट आहेत असं मला वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही. पण धडकी भरली होती, खोटं कशाला बोलू. वांगी निवडताना भाजीवाल्याला घाम फोडणारी मी, विहिणीच्या ओट्यापाशी चपला काढत रेंगाळले.

सून पडवीत खाटेवर बसली होती. रंग परतला होता, डोक्याला रुमाल बांधलेला. विहीणबाईंनी पाणी आणलं. मी घेतलं नाही. म्हटलं, "आधी ऐका. घरात विष आहे का असं मी विचारलं होतं ना? आहे. माझ्यात आहे." आणि डॉक्टरणीनं सांगितलेलं सगळं, पित्ताच्या पिशवीपासून बादलीपर्यंत, एका दमात सांगून टाकलं. विहीणबाई दाराला धरून उभ्या राहिल्या. सुनेनं ऐकून घेतलं. ती खाटेच्या नवारीवरून बोट फिरवत होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मीठ बघताना?"

"हो," मी म्हटलं. तोपर्यंत मी रडले नव्हते. तिथे रडले, चांगली मोठ्याने रडले, दुसऱ्याच्या दारात. पोरीला मी दुसरं काहीही दिलं नव्हतं, गोड शब्दसुद्धा नाही. जे मायेनं दिलं त्यातूनच तिला मरणाच्या दारात नेलं, याचा मला इतका संताप आला होता की तो कुठे ठेवू ते सुचेना. विहीणबाई माझ्याजवळ आल्या आणि पाण्याचा पेला पुन्हा पुढे केला. म्हणाल्या, "तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत. निरोप नाही पाठवलात. घ्या, पाणी घ्या." सून परत येणार का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी शेवटच्या बसच्या आधीच निघाले.

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं, पित्ताची पिशवी खड्यांसकट निघाली. गोळ्यांचा मोठा रतीब लागला. ओळखीच्या गिऱ्हाइकांना मी स्वतः सांगितलं, आमच्याकडे असं असं निघालं, तुमच्या घरी कुणी आजारी होतं का, तपासून घ्या. हे डोक्याला हात लावून बसायचे. काही लोकांनी आमच्या दुकानाकडे बघणं सोडलं, ते अजूनही पलीकडच्या कडेने जातात. जाऊ देत. पेठेतले एक नाना मात्र म्हणाले, "बरं केलं सांगितलं. दुकान कधी उघडतंय?" मी म्हटलं, सोलणारे हात मिळाले की उघडेन.

ते हात दिवाळीनंतर आले. रिक्षातून उतरले, पिशवी घेऊन, कानापर्यंत नवे केस वाढलेले. मी दारातच उभी होते. सून म्हणाली, "आई, चूल पेटवायची ना?" मी म्हटलं, "पेटव की. कुणी अडवलंय?" हे असं बोलते मी. आत जाऊन डोळे पुसले.

दुकानाची रीत तिनं बदलली. बादली मोडीत काढली. वांगं चिमट्याने धरायचं, वरून फिल्टरच्या नळाचं पाणी सोडायचं, सोलणाऱ्यानं आधी कोपरापर्यंत साबण लावायचा. साबण आता संडासापाशीही आहे आणि चुलीपाशीही, दोरीला बांधलेला, म्हणजे "हरवला" म्हणायची सोय नाही. मला तिनं जाळापाशी बसवलं. वांगी निवडणं, टोचणं, भाजणं माझं. आगीच्या अलीकडचं सगळं काम माझं, पलीकडचं तिचं. मी चिमट्याने वांगं तिच्याकडे सरकवायचे आणि हात मागे घ्यायचे. पुऱ्यांना शेजारची बाई ठेवली होती. सून घोटायची, मग चमच्यानं यांच्या हातावर चव द्यायची. हे काय सांगणार! यांना आयुष्यात मिठातलं काही कळलेलं नाही.

डबी मात्र मी नेतच होते. रिक्षावाल्याला आता सगळं ठाऊक, तो नुसताच मान हलवायचा. प्रत्येक वेळी निकाल स्वच्छ यायचा आणि डॉक्टरीण म्हणायची, अजून एकदा. संक्रांत तोंडावर आली तेव्हा ती म्हणाली, "मावशी, झालं. आता भरीत करायला हरकत नाही. साबण सोडायचा नाही." मी दुकानात येऊन निकालाचा कागद गुपचूप फळीवर ठेवला. जाळापाशी बसून राहिले. खरं सांगू का, आता मलाच भीती वाटत होती. कागदावर स्वच्छ लिहिलंय म्हणून हात वांग्यात घालायचा? मन धजेना. सुनेनं तो कागद वाचला असणार, पण तीही मला जाळापासून उठवेना.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पुऱ्यावाली बाई आली नाही, आणि बाहेर रांग. सून पाटापाशी जाऊन बसली, पीठ पुढ्यात ओढलं आणि मान वर न करता म्हणाली, "आज तुम्ही घोटा, आई."

मी कोपरापर्यंत साबण लावला, पुन्हा लावला. वांगी सोलली, मिरच्या कुटल्या, पात कालवली. हात आपलं काम विसरले नव्हते. मिठाची वेळ आली तेव्हा मी चमचा शोधायला लागले. सुनेनं पिठाचे हात वर धरले आणि म्हणाली, "चमचा कशाला?" आणि आ करून बसली.

कढईतली पुरी लाल व्हायला लागली. हे पिशव्या बांधता बांधता थांबले. मी देठाजवळचा मऊ घास घेतला आणि तिच्या तोंडात सोडला.

तिनं डोळे मिटून चघळला. मग तिनं डोळे उघडले, माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "मीठ कमी आहे, आई. नेहमीच कमी असतं."